भुताची इच्छा आणि भुताची वेस

तुमच्या आठ-दहा जणांच्या गटाने दिवाळीपासून झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताच्या मालिकेची तिन्ही पर्वं पुन्हा एकदा एकत्र बसून पाहिली, आणि गेल्या रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडवर चहाला जमल्यावर वाद रंगला. त्यातले तीन प्रश्न तुम्ही मला पाठवलेत. दुसऱ्या पर्वातले जिवंत अण्णा नाईक अंगावर काटा आणतात, मग तिसऱ्या पर्वात तेच भूत होऊन आले तर भीती कमी का वाटते? अण्णांची प्रेयसी शेवंता दोषी की बिचारी? आणि असल्या मालिकांचा शेवट लेखकाला आधीपासून माहीत असतो का? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत, की तुमच्यातले एक काका वाद तोडायला म्हणाले, “भुताच्या मालिकेत कसलं लॉजिक शोधता?”

काकांपासूनच सुरुवात करते, कारण त्यांचं हे वाक्य मी गेली अठरा वर्षं ऐकते आहे, तेही बहुतेक वेळा मीटिंगच्या टेबलाभोवती. मी मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते. घर नाशिकला, काम मुंबईचं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, मीटिंग उरकून संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं आणि लिहायचं इथेच. ‘रात्रीस खेळ चाले’शी माझा कामाचा काही संबंध नाही, ती मी तुमच्यासारखीच रात्री बसून पाहिली आहे. पण भुताच्या तीन मालिका मी स्वतः लिहिल्या आणि त्यातल्या एकीत जी चूक माझ्या हातून झाली ती पुढे सांगणारच आहे. काकांना माझं म्हणणं एवढंच आहे: सासू-सुनेच्या मालिकेत एखादा दुवा निसटला तर प्रेक्षक सांभाळून घेतो, कारण घर कसं चालतं हे त्याला पाठ असतं. भुताच्या मालिकेत त्याच्या हाताशी काहीच नसतं. भूत काय करू शकतं आणि कुठे अडतं, हे आपण सांगू तेवढंच त्याला कळतं. म्हणून इथे तर्क दुप्पट लागतो.

गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या आपल्या दुतोंड्या मारुतीचं बघा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे पेपरात येतं, पण त्या आकड्यावर नाशिककर घाबरत नाही. तो विचारतो, “मारुतीला कुठवर पाणी लागलं?” गुडघ्याला म्हटलं की लोक पूर बघायला निघतात. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला घेतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती दिसेनासा व्हायची वेळ आली होती, आणि तेव्हा गावात जी कुजबुज होती ती कुठल्याही आकड्याने झाली नसती. मारुती जागचा हलत नाही, म्हणून पाणी वाढलेलं कळतं. मालिकेतल्या भुतालाही असा एक मारुती लागतो. आज ते अंगणात आहे, उद्या ओटीवर, परवा माजघराच्या दाराशी. दार पक्कं असेल तरच परवाची भीती वाटते. पहिल्या आठवड्यातच भूत कुठेही, केव्हाही उगवायला लागलं तर पाणी चढतंय की उतरतंय ते प्रेक्षकाला समजत नाही, आणि तो फोन हातात घेतो.

हे काही टीव्हीवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. आपल्या आज्यांना ते आधीपासून माहीत होतं. मुंजा म्हटलं की मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, आणि तो पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला, तो माणसाला डोहाकडे ओढणार, डोंगरावर त्याचं काही चालणार नाही. साती आसरा विहिरीच्या, नदीच्या. समंध आपल्या धनाभोवती घुटमळणारा. कोकणातला देवचार तर राखणदार, मान दिला की सांभाळणारा आणि चुकलात तर अडवणारा. आजीने नुसतं नाव घेतलं की तो कोण होता, कशासाठी अडकला आणि कुठवर येऊ शकतो ते सगळं आलं. एका शब्दात अख्खं पात्र. आम्हाला हेच सांगायला पाच एपिसोड लागतात.

यातली जागा आणि मर्यादा झाली, तिला मी वेस म्हणते. वेशीइतकंच महत्त्वाचं दुसरं काय असतं, ते मला कुठल्याही कार्यशाळेत कळलं नाही, दहाव्याचे विधी होतात त्या गोदाकाठच्या रामकुंडावर कळलं.

माझे थोरले मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. दहाव्याला आम्ही पंचवीसेक जण रामकुंडावर होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे समोर होते, झाडावर होते, शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्या पिंडाला शिवायला एकही तयार नव्हता. मग सुरू झालं. मामेभाऊ पुढे होऊन हात जोडून म्हणाला, “दादा, ताईचं लग्न थाटात करू.” काही नाही. “घराचं कर्ज मी फेडतो.” काही नाही. मामी म्हणाल्या, “माझी काळजी करू नका, मी नीट राहीन.” तरी नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी केली. तेव्हा मागून भांडी बाजारातले मामांचे शेजारी दुकानदार पुढे आले. ते नात्यातले नव्हते म्हणून लांब उभे होते. चपला काढून त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, “शेठ, भिशीतल्या दोघांचं उचलायचं राहिलंय ना? मी वही बघतो. एक रुपया बुडू देणार नाही कुणाचा.”

कावळा आला. त्याला भूक लागली होती म्हणून आला असेल, असं मी आजही म्हणेन. पण मी कावळ्याकडे बघतच नव्हते, मामींकडे बघत होते. मामा भिशी चालवत होते हेच त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या मनात शेवटी काय होतं ते त्यांना शेजाऱ्याच्या तोंडून कळलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

भुताच्या मालिकेबद्दल मला जे काही कळतं ते त्या वीस मिनिटांतलं आहे. भूत म्हणजे अपुरी राहिलेली इच्छा, आणि गोष्ट म्हणजे ती ओळखायला मागे राहिलेल्यांना लागणारा वेळ. घरचे आधी मोठमोठ्या गोष्टी बोलतात, लग्न, कर्ज, इस्टेट. खरी इच्छा त्याहून लहान आणि नेमकी निघते. आणि ती ज्याला माहीत असते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्र्यंबकेश्वरला तीन-तीन दिवस नारायण नागबळी करायला माणसं लांबून येतात, त्यांच्याशी कधी दोन शब्द बोला. विधीबद्दल ती फार बोलत नाहीत, गेलेल्या माणसाचं काय राहून गेलं हेच पुन्हा पुन्हा सांगत राहतात.

आता अण्णा. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णांचा मृत्यू झालेला आहे, घरचे त्यांच्या कार्यासाठी वाड्यात जमले आहेत. प्रत्येकाच्या मनात वेगळे अण्णा आहेत आणि आपल्याला ते दिसत नाहीत. भीती तिथून येते. २०१९ चं दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि माधव अभ्यंकरांनी तो माणूस समोर उभा केला. जमिनीचा हावरट, बायकांच्या बाबतीत निर्लज्ज, आणि गावात त्याला अडवणारं कुणी नाही. तो काय काय करू शकतो हे आपल्याला नीट माहीत आहे, कारण तसा माणूस आपण कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मारेल, घराबाहेर काढेल, सातबारा फिरवेल. त्याचं नाव निघालं तरी माणसं आवाज खाली आणतात, ते बघून आपणही बसल्या जागी आक्रसतो. अण्णांची भीती अभ्यंकरांच्या डोळ्यांत आहेच, पण निम्मी आजूबाजूच्या नटांच्या खांद्यांत आहे. पुन्हा पाहाल तेव्हा फ्रेममध्ये अण्णा सोडून बाकीच्यांकडे लक्ष ठेवा.

२०२१ ला तिसरं पर्व आलं तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे अण्णा आणि शेवंता लोकांचे लाडके झाले होते. खलपुरुष लाडका झाला की प्रेक्षक त्याच्या येण्याची वाट बघतो, आणि ज्याची वाट बघतो त्याला आपण घाबरत नाही. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. जिवंत अण्णांना काय हवं हे दर प्रसंगात ठसठशीत होतं: ही जमीन, ती बाई, हा सूड. भूत झालेल्या अण्णांना नेमकं काय हवं याचं उत्तर तुमच्या गटातल्या दहा जणांना वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा. दहा उत्तरं वेगळी आली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यात अभिनयाचा दोष नाही, मेकअपचा तर नाहीच.

शेवंताच्या बाबतीत मात्र उलट आहे. तिला काय हवं होतं हे कुणालाही विचारा, एकच उत्तर येईल. अण्णांच्या घरात बायको म्हणून मान. अपूर्वा नेमळेकरांनी ती नटूनथटून उभी केली, लोकांनी तिच्या केसांतल्या गजऱ्याची चर्चा केली, पण माझ्या लेखी ते पात्र चालण्याचं कारण हे, की तिची मागणी साधी होती आणि ती कधीच पुरी होणार नव्हती. भुताला याहून चांगली सामग्री मिळत नाही. तिसऱ्या पर्वात मध्येच नटी बदलली, कृतिका तुळसकर आल्या, तरी शेवंता शेवंता राहिली. चेहरा बदलूनही पात्र ओळखू येतं तेव्हा समजायचं की ते इच्छेवर उभं होतं.

दोषी की बिचारी? तुमच्यातल्या बायका बिचारी म्हणाल्या आणि पुरुष दोषी म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं हा प्रश्न माईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला विचारायला हवा. शेवंताने ज्या जागेवर हक्क सांगितला ती जागा माईंची होती आणि माईंना त्या जागेवर बसून काय सुख मिळालं ते आपण पाहिलं. एकीला कुंकवाचा मान मिळाला नाही म्हणून ती अतृप्त, आणि जिला तो मिळाला ती जन्मभर पोळली. या दोघी समोरासमोर येतात तेव्हा मला भुताची आठवणही राहत नाही. मी शेवंताला निर्दोष म्हणणार नाही, तिने दुसऱ्यांची राखरांगोळी होताना पाहिली आणि थांबली नाही. पण मालिकेचा कणा कोण असं विचाराल तर मी माईंचं नाव घेईन. माईंचं काम करणाऱ्या शकुंतला नरे बोलत नसतात तेव्हाच जास्त सांगतात.

आणि पांडूला विसरू नका. विसरभोळा गडी म्हणून आपण त्याला हसतो, पण भिशीच्या वहीची गोष्ट आठवा. ज्याला कुणी गंभीरपणे घेत नाही तोच घरभर सगळीकडे असतो. पांडूचं काम प्रल्हाद कुडतरकरांनी केलं आणि मालिकेच्या लेखनातही तेच होते. सगळं माहीत असलेल्या माणसाने काहीच न आठवणाऱ्या माणसाचं काम करायचं, हे मला फार आवडलं होतं. इच्छा ओळखणारा साक्षीदार हसरा असेल तर प्रेक्षक बेसावध राहतो.

आता माझी चूक. एका मालिकेत मी भूत झालेली एक काकू लिहिली होती. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागला की ती उंबरा ओलांडू शकत नाही, ही तिची वेस. साठ-सत्तर एपिसोड आम्ही त्या एका दिव्यावर काढले. दिवा लावायला उशीर होतो, वारा सुटतो, घरातली लहान मुलगी फुंकर मारते. मग गुरुवारचे आकडे जरा खाली आले (मालिका किती जणांनी पाहिली ते मोजणाऱ्या बार्क संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, त्या दिवशी आमच्याकडे कुणी धड जेवत नाही) आणि निरोप आला, की नायिकेच्या माहेरीही काकू दाखवा, तिकडचा सेट नुसता पडून आहे. मी नाही म्हणायला हवं होतं. लिहून दिलं.

त्यानंतरच्या बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बाजाराला गेले. मेथी घेत होते. जिच्याकडून मी नेहमी भाजी घेते त्या मावशींनी जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, “ताई, तुमची काकू उंबरा वलांडून गेली कशी? दिवा तर लागलेला व्हता ना?” मी काहीतरी सांगितलं, अमावस्या होती वगैरे. मावशी म्हणाल्या, “मंग आधी सांगायचं व्हतं अमावशेचं.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांनी नंतर ती मालिका बघितली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आता ती कुठंबी येती, मंग काय बघायचं?” त्यांनी चार शब्दांत जे सांगितलं ते मीटिंगमध्ये मला तासभर बोलूनही पटवता आलं नव्हतं. तेव्हापासून नव्या मालिकेच्या वहीच्या पहिल्या पानावर मी भुताची इच्छा आणि वेस लिहून निर्मात्याची सही घेते. सहीला कायदेशीर किंमत काही नाही, पण पुढे वाद झाला की ते पान उघडता येतं.

शेवट आधी ठरलेला असतो का, याचं उत्तर थोडक्यात देते. कथा, पटकथा आणि संवाद ही बहुतेक वेळा तीन वेगळ्या माणसांची कामं असतात. सुरुवातीचे काही महिने कथेचा आराखडा असतो, त्यापुढे आठवड्याच्या हिशेबाने चालतं. जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा मजकूर रोज लागतो. मालिका संपतेय हे मला एकदा पंधरा दिवस आधी कळलं होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात धागे घाईने बांधलेले दिसतात. पण इच्छा पहिल्या दिवशी पक्की असेल तर पंधरा दिवसांतही शेवट लागतो, कारण शेवट म्हणजे ती पुरी होणं किंवा कायमची बुडणं, तिसरा रस्ता नाही.

तुमच्यातल्या एकाने विचारलं होतं की अशा मालिकांनी अंधश्रद्धा वाढते का. प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं कलम आहे, आणि २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. सुरुवातीला पडद्यावर ‘हे सगळं काल्पनिक आहे’ अशी पाटी दाखवली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं मी मानत नाही. माझा नियम असा, की भूत दाखवीन, पण पैसे घेऊन भूत उतरवणारा बाबा कधीही खरा ठरवणार नाही. एका मालिकेत तसं करायला सांगितलं गेलं तेव्हा मी बाहेर पडले. दिव्याच्या बाबतीत वाकले याची खंत आहे, पण इथे वाकले नाही.

राहिली तुमच्या गटातल्या त्या कॉलेजच्या मुलीची गोष्ट, जी तुम्ही सोबत पाठवलीत. भांडी बाजारातला जुना वाडा, पुराच्या रात्री दुकानात अडकून गेलेला नोकर, आणि दर पुराला तो परत येतो. मला गोष्ट मनापासून आवडली. पहिल्या पानावर पाण्यावर तरंगत आलेलं पितळी पातेलं जिन्याच्या पायरीला लागून टण्ण वाजतं, ते वाचून मी दचकले. पण तिसऱ्या पानावर तो पाणी नसतानाही शालिमार चौकात रिक्षात दिसतो. तिला सांगा, तो प्रसंग काढून टाक. तो पाण्याबरोबर चढतो आणि पाण्याबरोबर उतरतो, एवढंच ठेव. पाणी पहिल्या पायरीला असेल तर तो पहिल्या पायरीवर. आणि त्याला काय हवंय ते तिने अजून ठरवलेलं नाही. मालकाने मरू दिलं म्हणून सूड, हे पहिलं सुचतं, ते बाजूला ठेवायचं. तो त्या रात्री दुकानात का थांबला होता हे आधी शोधायचं. त्यासाठी भांडी बाजारात जाऊन एखाद्या जुन्या दुकानदाराशी बोलायला हवं: पाणी मारुतीच्या कुठवर आलं की ते माल माडीवर चढवायला घेतात, आधी काय उचलतात, आणि खाली काय सोडून देतात.